आधी वही, मग पाटी

छोटा धंदा सुरू करताना गरजेचे काय आणि थांबवता येण्यासारखे काय

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा असा एखादा मुहूर्त जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यांमधून नव्या दुकानांची आमंत्रणे घरोघरी येऊ लागतात. कुणी शिवणकामाचे दुकान काढते, कुणी मसाले-पापडांचे, कुणी मोबाईल दुरुस्तीचे, तर कुणी खानावळ. फीत कापली जाते, पेढे वाटले जातात, फोटो निघतात. आणि वर्ष उलटायच्या आत त्यातल्या एखाद्या शटरवर कागद चिकटलेला दिसतो : 'भाड्याने देणे आहे', खाली 'बाडिगेगे इदे'.

बंद पडलेल्या दुकानात नुसती कपाटे अडकून पडत नाहीत. वडिलांच्या निवृत्तीची रक्कम, आईच्या पाटल्या, धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव, असे घराचे बरेच काही त्यात गेलेले असते. म्हणूनच धंदा काढण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक घराने पैसे खर्च करण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : ही वस्तू नसेल तर माझी पहिली विक्री थांबेल का? उत्तर 'होय' आले तर ती वस्तू गरजेची. 'नाही' आले तर ती वाईट आहे असे नाही, पण तिची वेळ अजून आलेली नाही. छोटे धंदे अडचणीत येतात ते बहुधा ही वेळ चुकल्यामुळे. पहिल्या महिन्यात पाटी, फर्निचर आणि छपाईवर सगळे पैसे जातात आणि तिसऱ्या महिन्यात माल भरायला हात रिकामा राहतो.

आपल्याच गावचा दाखला

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या बेळगावातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळ बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. आज देशभर पसरलेला किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ सालची मानतो आणि ती बेळगावातल्या सायकलींच्या दुकानाची. लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला असताना तिथून सायकली पाठवायचे आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे. त्या काळात सायकल ही नवलाची वस्तू, म्हणून गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवावे लागे. पुढे कडबा कापायची यंत्रे आली, लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती होती, त्यामुळे पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली असे सांगतात. कारखान्यासाठी कुंडलरोडची जागा औंधच्या राजांकडून मिळाली आणि किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये, म्हणजे सायकलींच्या सुरुवातीनंतर २२ वर्षांनी.

आपल्या बाजारपेठेतल्या किर्लोस्कर रोडवरून जाताना हा क्रम आठवावा. आधी नोकरी सांभाळून विक्री, मग गिऱ्हाइकाची समजूत, मग माल, आणि सर्वांत शेवटी मोठा कारखाना. नांगर पडून होते त्या दोन वर्षांत घर आणि धंदा चालत राहिला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

दुसरा दाखला मुंबईचा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तयार झाले चार पुडे. त्याच कामाचा पुढे 'लिज्जत' झाला. त्या ८० रुपयांतून त्यांनी घेतली ती पापडासाठी लागणारी सामग्री. जागा गच्चीची होती आणि हात घरचे होते.

या दोन्ही उदाहरणांतून काढलेली गरजेची यादी फार लांब होत नाही. तिच्यात पाच गोष्टी येतात.

पहिली गरज : दुसऱ्यांदा येणारे गिऱ्हाईक

'वहिनी, तुमच्या हातची चकली म्हणजे काय सांगू, दुकानच काढा!' असे दिवाळीत पाहुणे म्हणतात. पाहुण्यांची ही वाहवा खरी असते, पण तिला मागणी समजू नये. घराबाहेरच्या वीस जणांना पूर्ण किमतीने माल विका, फुकट नमुना म्हणून देऊ नका. महिन्याभरात त्यातले किती जण आपणहून पुन्हा आले ते मोजा. दहा-बारा आले तर पुढे जायला हरकत नाही. दोन-तीनच आले तर चवीत, मापात की किमतीत अडचण आहे हे त्यांनाच विचारा. या चाचणीला दुकान लागत नाही. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी आधी गल्लीतली वीस ब्लाउज शिवावीत, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलाने आधी एखाद्या चालू दुकानात टेबल घेऊन बसावे. उद्यमबागेत वर्कशॉप काढू पाहणाऱ्याने स्वतःचा लेथ घेण्याआधी दुसऱ्याकडून जॉबवर काम करून घेऊन दोन ऑर्डरी पुऱ्या करून पाहाव्यात.

दुसरी गरज : खरी किंमत

सर्वांत जास्त घरगुती धंदे इथे फसतात. समजण्यासाठी दहा किलो चकलीचा हिशेब मांडू. आकडे मानलेले आहेत, आपापल्या बाजारभावाने ते बदलून घ्यावेत.

भाजणीचे धान्य, भाजणे-दळणे धरून ६७५ रुपये. तेल ५२५. तीळ, मीठ, मसाला १५०. गॅस १५०. पाव किलोच्या चाळीस पिशव्या आणि लेबले २००. बाजारातून आणणे-पोचवणे १००. एकूण १,८०० रुपये, म्हणजे किलोला १८०. बहुतेकजणी इथे थांबतात आणि २४० रुपयांनी विकून 'किलोमागे साठ सुटले' म्हणतात.

आता राहिलेले खर्च धरू. दोन बायांचा पूर्ण दिवस, प्रत्येकी ५०० म्हणजे १,००० रुपये. एकूण झाले २,८००. तुटलेली, मऊ पडलेली अर्धा किलो चकली वजा केली तर विकायला उरली साडेनऊ किलो. किलोला खर्च पडला सुमारे २९५ रुपये. म्हणजे २४० ला विकताना किलोमागे ५५ रुपयांचे नुकसान होते. ते दिसत नाही, कारण आई आणि सून यांची मजुरी फुकट धरलेली असते. दुकानात ठेवायला दिली आणि दुकानदाराने २० टक्के घेतले, तर विक्रीची किंमत ३६९ ठेवूनसुद्धा हातात जेमतेम खर्चच येतो. ती ४०० ठेवली तर आपल्याला ३२० मिळतात, किलोमागे २५ रुपये खरे सुटतात.

ही किंमत बाजार देईल का, हाच धंद्याचा खरा प्रश्न. देत नसेल तर चकलीऐवजी दुसरा जिन्नस निवडावा, किंवा थेट गिऱ्हाइकाला विकून दुकानदाराचा भाग वाचवावा. हे कागदावर दहा मिनिटांत कळते. कागद मांडला नाही तर कळायला वर्ष जाते आणि शिकवणीची फी म्हणून घरची ठेव जाते.

तिसरी गरज : वही आणि वेगळा गल्ला

दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन होते, पण ती वही पुढे वर्षभर लिहिली गेली तरच तिचा उपयोग. सुरुवातीला संगणकाची गरज नाही. एका पानावर तारीख, आलेले पैसे, गेलेले पैसे आणि येणे अशा चार रकान्यांत रोज रात्री पाच मिनिटे लिहावे. धंद्याचे बँक खाते वेगळे असावे आणि गिऱ्हाइकाने मोबाईलवरून दिलेले पैसे त्याच खात्यात यावेत. घरात पैसे लागले तर महिन्याला ठराविक रक्कम पगार म्हणून घ्यावी. गल्ल्यातून कधी दुधाचे, कधी शाळेच्या फीचे असे सुटे पैसे उचलले की धंदा तोट्यात आहे की घर खर्चिक आहे हेच समजेनासे होते. मग नवरा-बायकोत, भावाभावांत बोलाचाली सुरू होतात. वही असली की बोट माणसाकडे न जाता आकड्याकडे जाते.

चौथी गरज : फिरते भांडवल

मराठीत उधारी म्हणा, कन्नडमध्ये उद्री म्हणा, सीमाभागातल्या बाजारात ती टळत नाही. समजा दर आठवड्याला ७,००० रुपयांचा माल रोखीने आणता आणि तुमचे दुकानदार ४५ दिवसांनी पैसे देतात. म्हणजे साडेसहा आठवड्यांचा, साधारण ४५,००० रुपयांचा खर्च कायम बाहेर अडकलेला. वहीत नफा दिसतो, पण पुढच्या आठवड्याचे तेल आणायला पैसे नाहीत. चालणारे धंदेसुद्धा अशाने बंद पडतात.

म्हणून हाताशी दोन लाख असतील तर ते सगळे उद्घाटनाच्या दिवसापर्यंत संपवू नयेत. किमान तीन महिन्यांचे भाडे, वीज आणि कच्चा माल भागेल इतकी रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्यात काय बसते ते पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो, कन्नडमध्येही तेच, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. दोन्ही भाषांतल्या वडीलधाऱ्यांचे यावर एकमत आहे!

पाचवी गरज : मोजके कागद

कागदपत्रांच्या भीतीने काहीजण धंदाच काढत नाहीत, तर काहीजण एजंटाला हजारो रुपये देऊन नको ती प्रमाणपत्रे घेऊन बसतात. खरी गरज मोजक्या कागदांची आहे.

खाण्याचा जिन्नस विकायचा तर घरातून विकला तरी एफएसएसएआयची नोंदणी हवी. २०११ च्या नियमांत लहान उत्पादकासाठी वर्षाला १०० रुपये फी आणि १२ लाखांपर्यंतची उलाढाल अशी चौकट होती. मर्यादा आणि मुदतीचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना सरकारी संकेतस्थळावरचा त्या दिवशीचा नियम पाहावा. पाकीटबंद मालाच्या लेबलवर जिन्नसाचे नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची व वापराची तारीख, शाकाहाराची हिरवी खूण, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि नोंदणी क्रमांक असावा. आपल्याकडे हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे भाषा. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असणे आवश्यक आहे. मराठी आणि कन्नड त्याच्या जोडीला जरूर घालावी, पण नुसती मराठी किंवा नुसती कन्नड चालत नाही. वजनकाटा शिक्का मारलेला असावा आणि त्याची फेरतपासणी मुदतीत व्हावी.

दुकान उघडले तर महापालिकेचा किंवा पंचायतीचा व्यवसाय परवाना लागतो. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व वाणिज्य आस्थापना कायद्याच्या मूळ तरतुदीत नोंदणी सुरुवातीपासून ३० दिवसांत करायची होती. लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी कुणी सरकारी फी म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता सीमाभागाचा खास मुद्दा. कर्नाटकात माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीला आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी आवश्यक होते. बेळगावाहून शिनोळीला पोचायला अर्धा तास पुरतो, मामा चंदगडला आणि आत्या कोल्हापूरला, त्यामुळे आपल्याला ते परराज्य वाटतच नाही. कायद्याला मात्र ती आंतरराज्य विक्री आहे. चंदगडचे गिऱ्हाईक बेळगावच्या दुकानात येऊन रोखीने मसाला घेऊन गेले तर प्रश्न नाही, पण त्याच मसाल्याची पेटी तुम्ही चंदगडच्या दुकानात किंवा गोव्याला पाठवलीत तर आधी नोंदणी हवी. नुसता पापड विकणाऱ्यांना ही अडचण नाही, कारण पापडावर जीएसटी नाही. आपले पहिले गिऱ्हाईक सीमेच्या कुठल्या बाजूला आहे हे ठरवूनच मालाचा जिन्नस आणि कर सल्लागाराची फी यांचा विचार करावा.

थांबवता येण्यासारखे खर्च

आता दुसरी यादी. यातल्या कुठल्याही वस्तूला नावे ठेवायची नाहीत, फक्त तिला रांगेत मागे उभे करायचे आहे.

काचेचे फर्निचर आणि वातानुकूलन : वापरलेले टेबल आणि रॅक चालतात. फर्निचर विकायला गेले की निम्मेही पैसे येत नाहीत, माल मात्र विकला जातो.

महागडी पाटी : धंद्याचे नाव वर्षभरात बदलावेसे वाटू शकते. शिवाय कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाटीवर किमान ६० टक्के भाग कन्नडचा, तोही वरच्या बाजूला हवा. हे न पाहता आधी मराठी किंवा इंग्रजी पाटी करून घेतली तर तीच पुन्हा करावी लागते. सुरुवातीला नियमात बसणारी साधी पाटी पुरे.

छापील पिशव्यांचा ढीग : पाच हजार छापल्या की एक पिशवी स्वस्त पडते हे खरे, पण पत्ता, वजन किंवा किंमत बदलली की पाचही हजार रद्दी. साध्या पिशवीवर चिकटवायचे लेबल वर्षभर पुरते.

स्वतःचे यंत्र : मसाल्यासाठी गल्लीतले कांडप यंत्र आहे तोवर स्वतःचे घेऊ नये. महिन्याला कांडपाला जाणारे पैसे यंत्राच्या हप्त्याहून जास्त होऊ लागले की यंत्र घ्यायची वेळ आली असे समजावे.

कंपनीची स्थापना : एकट्याच्या किंवा एका घराच्या छोट्या धंद्याला पहिल्या दिवशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची गरज नसते. तिचा दरवर्षीचा हिशेब-तपासणीचा खर्च धंदा चालो न चालो द्यावाच लागतो. घराबाहेरचा भागीदार असेल तर मात्र भागीदारीचा लेखी करार पहिल्याच दिवशी करावा. तिथे मैत्रीवर विसंबू नये.

थाटाचे उद्घाटन : पूजा जरूर करावी, नारळ वाढवावा. दोनशे पानांचे जेवण मात्र वर्षपूर्तीला ठेवावे.

अर्थात प्रत्येक धंद्याची यादी वेगळी. फ्रीज चकलीवाल्याला चैन आहे, दूध-दह्याच्या दुकानाला तो श्वास आहे. बाकीच्यांना चांगला दिवा नंतर चालेल, शिवणकामाला आणि ब्यूटी पार्लरला तो पहिल्या दिवशी हवा. खानावळीला टाइल्स थांबतील, पण स्वच्छ पाणी आणि हात धुवायची जागा थांबणार नाही. म्हणून शेजाऱ्याची यादी उतरवून घेऊ नका, विक्रीचा तोच एक प्रश्न प्रत्येक वस्तूला लावा.

कर्ज आणि घरातले सोने

स्वतःचे पैसे कमी पडले तर मुद्रा योजना आहे. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या या योजनेत ५० हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज आणि पुढच्या पायऱ्यांवरची मोठी कर्जे तारणाशिवाय मिळतात. बँकेत जाताना वर सांगितलेला किमतीचा कागद आणि दोन-तीन महिन्यांची वही घेऊन गेलात तर बोलणे सोपे होते.

सोने गहाण ठेवण्याची वेळ आली तर एक पथ्य पाळावे. महिन्या-दोन महिन्यांत विकून पैसा परत येईल अशा मालासाठी, तोही ऑर्डर हातात असताना, सोनेतारण एकवेळ समजू शकते. फर्निचर, पाटी, डिपॉझिट यांसाठी पाटल्या-मंगळसूत्र घराबाहेर जाऊ नये, कारण त्या खर्चातून सोने सोडवायचा पैसा वेळेवर येत नाही. आणि ज्या बाईचे सोने आहे तिला विचारून, वही दाखवून निर्णय व्हावा. 'नंतर सोडवू' एवढ्या तोंडी शब्दावर स्त्रीधन जाऊ नये.

घरातल्या सर्वांनी बसून आणखी एक आकडा लिहून ठेवावा : किती पैसे गेले म्हणजे थांबायचे. हा आकडा उद्घाटनाआधी लिहायचा असतो. तोटा सुरू झाल्यावर तो कुणालाच सुचत नाही. 'अजून एक महिना बघू' म्हणत आणखी सहा महिने जातात. ठरलेल्या आकड्याला थांबलेला माणूस दोन वर्षांनी पुन्हा उभा राहू शकतो. सगळे घालवून बसलेल्याला पुन्हा उभे राहणे फार जड जाते.

फुकट मिळालेले भांडवल

एक भांडवल मात्र आपल्या घरांत आधीच आहे आणि त्याला व्याज नाही. बैलहोंगलहून आलेल्या गिऱ्हाइकाशी कन्नड, चंदगडहून आलेल्याशी मराठी, असे एकाच गल्ल्यावर बसून बोलणारी मुले दोन्ही राज्यांत फार ठिकाणी सापडत नाहीत. दुकानात शिरलेल्याला त्याच्या भाषेत 'बर्री, कूडरी' किंवा 'या, बसा' म्हटले की भावाची घासाघीस निम्मी कमी होते. कन्नड वाचता-लिहिता येणाऱ्या मुलीला अर्ज भरायला आणि सरकारी कागद वाचायला बसवा, तेवढीच एजंटाची फी वाचेल.

येत्या मुहूर्तावर तुमच्या घरी काही सुरू करायचे घाटत असेल तर आज रात्रीच एक कोरी वही काढा. पहिल्या पानावर मालाची खरी किंमत, दुसऱ्या पानावर वीस गिऱ्हाइकांची नावे, तिसऱ्यावर तीन महिन्यांचा खर्च आणि चौथ्यावर थांबायचा आकडा लिहा. चारही पाने भरली की मग पाटी रंगवणाऱ्याकडे जा.